बोट ठेवू तिथे पान

‘अंधेरी पश्चिम’ हे मुंबईतलं मेट्रो स्थानक अंधेरी रेल्वे स्थानकाला लागून नाही. दहिसरहून येणारी मेट्रो २ए तिथे संपते. तिथून मेट्रो १ ने घाटकोपरकडे जाण्यासाठी पुलावरून ज्या स्थानकात जावं लागतं, त्याचं नाव डी. एन. नगर. पूर्वेलाही असंच आहे. मेट्रो ७ गुंदवलीला येते आणि गुंदवलीला जोडलेलं मेट्रो १ चं स्थानक ‘वेस्टर्न एक्सप्रेस हायवे’ या नावाने ओळखलं जातं. म्हणजे चालत काही मिनिटांच्या अंतरावर दोन स्थानकं, त्यांची नावं वेगळी, आणि सारख्या नावाची दोन स्थानकं मात्र एकमेकांना जोडलेली नाहीत. ही गोष्ट नाव टाइप करून शोधणाऱ्याला कळायला वेळ लागतो. रेषा आणि ठिपक्यांची साधी आकृती समोर असली की ती एका नजरेत कळते. त्याच आकृतीत गुंदवलीच्या ठिपक्यावर बोट ठेवताच गुंदवलीचं पान उघडलं, आणि डी. एन. नगरच्या ठिपक्यावर ठेवताच डी. एन. नगरचं, तर आकृती हीच अनुक्रमणिका होते. विकीच्या पानांवर ही सोय करता येते. तिला इमेजमॅप म्हणतात. मराठी विकिपीडियावर ती नेटाने वापरली गेली पाहिजे, आणि इंग्रजीपेक्षाही मराठीला तिची गरज जास्त आहे, असं मला वाटतं.

आधी तिचं काम कसं चालतं ते पाहू. विकिपीडियावर एखाद्या चित्रावर टिचकी मारली की एरवी त्या चित्राचंच पान उघडतं. ते कोणी काढलं, कधी चढवलं, परवाना कोणता, हे तिथे कळतं. चित्राच्या आत जे दाखवलं आहे तिकडे मात्र वाट नसते. इमेजमॅपमध्ये चित्रावर अदृश्य चौकटी आखल्या जातात आणि प्रत्येक चौकटीला एक दुवा दिला जातो. चौकट तीन तऱ्हांची असते: आयत, वर्तुळ किंवा हव्या तितक्या कोनांची बहुभुजाकृती. आयतासाठी चार आकडे लागतात, दोन वरच्या डाव्या कोपऱ्याचे आणि दोन खालच्या उजव्या कोपऱ्याचे. वर्तुळासाठी केंद्राचे दोन आणि त्रिज्येचा एक. शाळेतल्या आलेखाशी याचं नातं आहे, फक्त इथे शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं आणि दुसरा आकडा वरून खाली वाढत जातो. दोन चौकटी एकमेकींवर आल्या तर आधी लिहिलेली चालते. चौकटींबाहेरच्या उरलेल्या जागेलाही एक दुवा देता येतो. मराठी कळफलकावर काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, हे आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करावे लागतात. आकडे हाताने मोजायचे नसतील तर इमेजमॅपएडिटसारखं साधन आहे. चित्रावर माउसने चौकट ओढली की ओळ तयार मिळते.

बहुभुजाकृतीचा उपयोग कुठे होतो, याचं उत्तर उपनगरातच आहे. मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला आणि त्यात कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली असे तीन तालुके आहेत. मुलुंड आणि घाटकोपर महसुली हिशेबाने कुर्ला तालुक्यात येतात. महानगरपालिकेची वाटणी निराळी: घाटकोपर एन वॉर्डात, मुलुंड टी वॉर्डात, बोरिवली आर सेंट्रलमध्ये. या ओळी वाचताना समजतात आणि पान उलटताच विसरल्या जातात. तालुक्यांच्या सीमांवर तीन बहुभुजाकृती आखून त्यांना त्या-त्या तालुक्याच्या पानाचा दुवा दिला, तर मुलुंडचा माणूस आपल्या घराच्या जागेवर बोट ठेवेल आणि ‘कुर्ला तालुका’ हे पान उघडेल. ती माहिती मग त्याच्या लक्षात राहील, कारण ती त्याच्या स्वतःच्या घराच्या जागेतून उगवलेली असेल.

ही युक्ती नवी नाही. वेबच्या सुरुवातीच्या वर्षांत चित्रावर टिचकी मारली की बोट कुठे पडलं त्याचे आकडे दूरच्या सर्व्हरकडे जात आणि कुठलं पान उघडायचं ते सर्व्हर ठरवत असे. ऑगस्ट १९९६ मध्ये स्पायग्लास कंपनीच्या जेम्स सीडमन यांनी एक मसुदा प्रसिद्ध केला. त्यानुसार चौकटींची यादी पानातच ठेवायची आणि निर्णय वाचकाच्या ब्राउझरने घ्यायचा. पुढच्याच वर्षी ती पद्धत एचटीएमएलच्या प्रमाणित रूपात आली. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिच्यासाठी टिम स्टार्लिंग यांनी इमेजमॅपचा विस्तार लिहिला. त्यात त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. आकडे नेहमी मूळ, पूर्ण आकाराच्या चित्राप्रमाणे द्यायचे. पानावर चित्र लहान करून मांडलं तर हिशेब प्रणाली करते. त्यामुळे तीच चौकट लहान चित्रावरही बरोबर बसते आणि मोठ्यावरही.

आता मूळ मुद्द्याकडे. शोधपेटीला शब्द लागतो. ज्याला शब्द माहीत नाही, त्याला शोधपेटी काही देऊ शकत नाही. आणि ज्ञानकोशाकडे माणूस बहुतेक वेळा जातो तो शब्द माहीत नसतो म्हणूनच. लहान मूल बोट दाखवून ‘हे काय?’ असं विचारतं, तो प्रश्नाचा सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक प्रकार आहे. इमेजमॅप पडद्यावरच्या पानाला तो प्रश्न विचारण्याची मुभा देतो. मराठीत या मुभेची किंमत दुप्पट आहे, याची दोन कारणं. पहिलं लेखनभेदांचं. बोरिवली आणि बोरीवली, कान्हेरी आणि कण्हेरी ही सगळी रूपं छापात दिसतात. पुनर्निर्देशनाची पानं करून काही रूपं सांभाळता येतात, पण वाचक कोणती चूक करेल याची पूर्ण यादी कोणालाच करता येत नाही. बोटाला वेलांटी पहिली की दुसरी हे ठरवावं लागत नाही. दुसरं कारण परिभाषेचं. हृदयाच्या खालच्या कप्प्याला एका पुस्तकात निलय म्हटलेलं असतं, दुसऱ्यात जवनिका. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलुंडच्या किंवा अंधेरीच्या मुलाला हे दोन्ही शब्द ठाऊक नसतात, मात्र तो कप्पा आकृतीत कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याला मराठीत आणायचं असेल तर दार शब्दाच्या बाजूला ठेवून चालणार नाही. ते जागेच्या बाजूला हवं. जागेवरून तो शब्दाकडे येईल.

आपल्या ज्ञानकोशांनी ही अडचण पूर्वीच ओळखली होती. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. त्याच्या नोंदींत काही शब्दांआधी बाण असतो. त्या शब्दावर वेगळी नोंद आहे, असा त्याचा अर्थ. तो बाण म्हणजे आजच्या दुव्याचा पूर्वज. आकृत्यांमध्ये मात्र भागांवर १, २, ३ असे आकडे घालून त्यांची नावं खाली ओळीने दिलेली असतात. वाचकाची नजर आकृतीतून खाली, खालून पुन्हा आकृतीत आणि तिथून दुसऱ्या खंडात अशी फिरत राहते. छापील कागदावर यापेक्षा अधिक करणं शक्यच नव्हतं. आज शक्य आहे. तरीही आपण आकडे घातलेली आकृती तशीच पडद्यावर आणून ठेवतो, तेव्हा कागदाची मर्यादा आपण विनाकारण पुढे चालवतो.

इमेजमॅपचा खरा कस लागतो तो बोरिवलीच्या डोंगरात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी शंभराहून अधिक आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकाम सुरू झालं आणि वस्ती दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत टिकली. अभ्यासकांनी लेण्यांना क्रमांक दिले आहेत. तिसऱ्या क्रमांकाचं लेणं हे मोठं चैत्यगृह. अकराव्याला दरबार म्हणतात, त्यात दगडी लांब बाकांच्या दोन ओळी आहेत. चौतिसाव्याच्या छतावर अपुरं राहिलेलं चित्र आहे. एकेचाळिसाव्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर. नव्वदाव्यात पहलवी लिपीतले लेख, इ.स. १००९ आणि १०२१ चे, इराणी परंपरेच्या पाहुण्यांनी कोरून ठेवलेले. हे सगळं एका लेखात ओळीने सांगितलं तर पाचव्या-सहाव्या क्रमांकालाच वाचक थकतो, कारण क्रमांक म्हणजे जागा नव्हे. अकरा आणि एकेचाळीस यांच्यामध्ये ओहोळ आहे का, कोणतं लेणं वरच्या अंगाला आणि कोणतं खालच्या, हे आकड्यांतून कळत नाही. डोंगरउताराचं एक रेखाचित्र, त्यावर लेण्यांची तोंडं आणि प्रत्येक तोंडावर एक चौकट, असं केलं की पान वाचणारा त्या पायऱ्यांवरून मनाने चढू लागतो.

एका लेण्याच्या आतही हेच करता येतं. तिसऱ्या लेण्याचा तळआराखडा घ्या. पुढे अंगण, मग व्हरांडा, त्याच्या दोन टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती, दर्शनी भिंतीवर दानी स्त्री-पुरुषांच्या जोड्या, आत दोन्ही बाजूंनी खांबांच्या रांगा, मागचं टोक अर्धगोल आणि तिथे स्तूप. खांब आणि भिंत यांच्यामध्ये जी अरुंद पट्टी उरते तो प्रदक्षिणापथ. आराखड्यात ही पट्टी म्हणजे नुसती कोरी जागा दिसते. तिला नाव आहे आणि काम आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि ‘प्रदक्षिणापथ’ हा शब्द आधी माहीत असल्याशिवाय कोणी तो शोधपेटीत टाइप करत नाही. लेण्यांच्या पुढ्यात कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. कान्हेरीच्याच प्राकृत शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरावर कोरला गेलेला हा शब्द आज किती जणांना आठवेल? आराखड्यातल्या त्या चौकोनी खड्ड्यावर बोट ठेवताच ‘पोढी’ हे पान उघडावं, त्यात पावसाचं पाणी कसं वळवलं जाई आणि साठवलं जाई ते वाचायला मिळावं, असं मला मनापासून वाटतं. शब्दाला त्याची जागा परत मिळाली की तो जगतो.

या पद्धतीवर आक्षेप आहेत, आणि त्यांतले काही खरे आहेत. सर्वांत मोठा फोनचा. उपनगरातला वाचक लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने फोन धरून वाचतो. अरुंद पडद्यावर बसवण्यासाठी ब्राउझरने चित्र प्रणालीने ठरवलेल्या मापाहूनही आक्रसलं आणि चौकटींचे आकडे मात्र जागचे हलले नाहीत, तर बोट पडतं एका जागी आणि पान उघडतं दुसरंच. ही अडचण इमेजमॅपच्या मूळ रचनेतच आहे. तिच्यावर उपाय शिस्तीचा आहे: चित्र फोनच्या रुंदीत मावेल एवढ्याच आकाराने मांडायचं, आणि एका चित्रात दहा-बाराच्या वर जागा ठेवायच्या नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत बोटाने दाबायची जागा किमान २४ पिक्सेल रुंद आणि तितकीच उंच असावी, असं म्हटलं आहे. हे माप पाळायचं ठरवलं की शंभर लेणी एका चित्रात कोंबण्याचा मोह आपोआप सुटतो. आधी डोंगराचे चार-पाच भाग दाखवावेत, मग एकेका भागाचं चित्र वेगळं करावं.

दुसरा आक्षेप दृष्टिहीन वाचकांच्या वतीने घेतला जातो: चित्रावर भर दिला की ते बाहेर राहतात. साध्या चित्राच्या बाबतीत हे बरोबर आहे. इमेजमॅपच्या बाबतीत मात्र उलट आहे, अर्थात काम नीट केलं तर. प्रत्येक चौकटीला दिलेलं नाव पानाच्या आत अक्षरांत असतं. पडदा वाचून दाखवणारी प्रणाली ते उच्चारते आणि कळफलकावरून एकेका चौकटीवर जाता येतं. नुसत्या चित्राकडून एवढंही मिळत नाही. मात्र व्हरांडा पुढे आणि स्तूप मागे, ही रचना आवाजातून कळत नाही. म्हणून चित्राखाली दोन-तीन वाक्यांत मांडणीचं वर्णन आणि त्याच दुव्यांची यादी द्यायलाच हवी. ही यादी डोळस वाचकाच्याही कामी येते, कारण चौकटी अदृश्य असतात आणि चित्राला हात लावता येतो हे सांगितल्याशिवाय कळत नाही. ‘भागावर टिचकी मारा’ ही ओळ लिहायला कोणी लाजू नये.

इथून एक रास्त प्रश्न निघतो: यादी द्यायचीच आहे, तर चित्राचा खटाटोप कशाला? जिथे गोष्टी एकाच रेषेत आहेत, तिथे खरोखरच नको. मराठी विकिपीडियावर उपनगरी रेल्वेच्या स्थानकांच्या पानांवर ‘दक्षिणेकडचे पुढचे स्थानक’ आणि ‘उत्तरेकडचे पुढचे स्थानक’ दाखवणारा साचा (अनेक पानांवर वापरता येणारा तयार नमुना) आहे. विद्याविहारच्या पुढे घाटकोपर, घाटकोपरच्या पुढे विक्रोळी, एवढं सांगायला तो पुरेसा आहे आणि दुरुस्त करायला सोपाही. वर्सोव्यापासून घाटकोपरपर्यंतची मेट्रो १ची बारा स्थानकंसुद्धा अशा साच्यात सुखाने बसतात. रेषा एकमेकींना छेदू लागल्या, किंवा आत-बाहेर, वर-खाली असे संबंध आले, की यादी अपुरी पडते. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी हॅरी बेक यांनी १९३१ मध्ये काढलेला आणि १९३३ मध्ये छापला गेलेला नकाशा लोकांना पटला तो याचमुळे. त्यांनी खरी अंतरं सोडून दिली आणि कोणती रेषा कुठे भेटते तेवढंच ठेवलं. प्रवाशाला तेवढंच हवं होतं.

गुगलचे नकाशे असताना हे कशासाठी, असंही विचारलं जातं. खऱ्या भूगोलासाठी विकीवरसुद्धा इमेजमॅपपेक्षा ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेला हलता नकाशा चांगला, हे मान्य करतो. विहार आणि पवई तलावांकडून माहीमच्या खाडीपर्यंत जाणारी मिठी नदी दाखवायची असेल तर तोच वापरावा. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा पाणी का अडलं, हे समजावायला नदीपात्राचा छेद, भरतीची पातळी आणि पात्रातले अडथळे यांची आकृती लागते. चैत्यगृहाचा आतला भाग, यंत्राचा छेद, हृदय, झाडाचं खोड या गोष्टी रस्त्यांच्या नकाशात नसतात.

उरला देखभालीचा प्रश्न, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. कोणी मूळ चित्राची नवी, वेगळ्या आकाराची प्रत त्याच नावाने चढवली की सगळ्या चौकटी सरकतात. चौकटीमागचं पान लिहिलेलंच नसेल तर तिथे, एरवी पान नसल्याची खूण असणारा, लाल दुवाही दिसत नाही. वाचक आत जातो आणि रिकाम्या पानावर पोचतो. म्हणून जे पान नाही त्याचा दुवा देऊ नये, असलेल्या पानातल्या योग्य विभागाचा द्यावा. कान्हेरीच्या लेखात प्रत्येक महत्त्वाच्या लेण्याला एक विभाग असला तरी पुरे. नावं चित्रात रंगवून टाकण्याचीही खोड आहे. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. नाव चित्रात रंगवलेलं असेल तर चित्रच नवं काढावं लागतं, आणि फॉन्ट चुकला की जोडाक्षरं फुटतात ती वेगळीच. नावाविना कोरं चित्र ठेवावं आणि नावं साच्याने वर मांडावीत, किंवा एसव्हीजी प्रकारची आकृती करावी, जिच्यात एकाच चित्रात अनेक भाषांतली नावं ठेवता येतात. चित्रकाराचं श्रेयही जपावं लागतं, कारण चौकटी घातल्यावर टिचकीने चित्राचं पान उघडणं बंद होतं. कोपऱ्यातली माहितीची छोटी खूण त्यासाठीच असते. ती काही जण दिसायला नको म्हणून काढून टाकतात. काढू नये.

म्हणूनच, लेखाची सुरुवात मेट्रोने केली असली तरी कामाची सुरुवात मेट्रोने करू नये, असं मी सुचवेन. २०१४ मध्ये एक मार्ग होता. २०२२ आणि २०२३ मध्ये आणखी दोन टप्प्याटप्प्याने आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेहून वांद्रे-कुर्ला संकुलाकडे जाणारी मेट्रो ३ सुरू झाली आणि मरोळ नाक्याला ती मेट्रो १ला भेटली. ही आकृती दर वर्षी बदलावी लागेल आणि हात लावणारं कोणी नसेल तर ती चुकीची माहिती देऊ लागेल. कान्हेरी बदलत नाही. जोगेश्वरीचं लेणं, अंधेरीचं महाकाली, बोरिवलीचं मंडपेश्वर यांचे आराखडेही बदलणार नाहीत. एकदा नीट केलेलं काम तिथे वर्षानुवर्षं टिकेल. फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा लेण्यांवरचा ग्रंथ १८८० चा आहे. त्यातल्या आकृत्यांवर आता कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही, त्या आधाराला घेता येतील. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्यक्ष जाऊन स्वतः आराखडा काढणं. उपनगरातल्या वास्तुकलेच्या, चित्रकलेच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घ्यावं. एकाने रेखाटावं, दुसऱ्याने मजकूर लिहावा, तिसऱ्याने चौकटी आखाव्यात. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं. बाकी कोणत्याही दिवशी वही, पेन्सिल आणि मोजपट्टी घेऊन जा, आणि तिसऱ्या लेण्यापासून सुरुवात करा.